अनुमोदक

रविवारचं मटण जेवून आडवा झालोय. छातीवर कागद आहे, पंख्याच्या वाऱ्यानं तो फडफडतोय. शैला स्वयंपाकघरातनं ओरडतीय, "अहो, तो कागद तरी बाजूला ठेवा!" मी नुसतं हूं म्हणतो. डोळे मिटायला लागलेत.

कागद साधा नाही. उद्या सकाळी समितीपुढं ठेवायचाय. कॉलेजांच्या फुटबॉल स्पर्धेसाठी प्लेऑफची नियमावली. आमच्या कोल्हापुरात पोरं फुटबॉलवर जीव टाकतात, आणि कॉलेजांचा विजेता मात्र आजवर बंद खोलीत ठरायचा. दोन गट, दोन्ही गटांतले पहिले संघ एकमेकांशी कधी खेळायचेच नाहीत. पाच सर बसायचे, भजी खायचे आणि एक नाव काढायचे. यंदा पोरं मैदानात ठाण मांडून बसली, तेव्हा कुठं समितीला जाग आली. आता चार संघ, दोन उपांत्य सामने, एक अंतिम. लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. लिहिलंयही झकास. फक्त कलम सात: पहिले तीन संघ गुणांवर, चौथा संघ समिती सर्वानुमते ठरवील.

गुणांवर चौथं येतं माळवाडीचं कॉलेज. पाचवं माझं, मी जिथं खेळ शिकवतो ते. कळलं ना? तुम्हाला कळलं, तसं सगळ्यांना कळणार आहे, पण बोलणार कोण?

"कलम सात फर्स्टक्लास जमलंय, इंगवल्या."

उशाशी सरनोबत सर बसलेत. इस्त्रीची पांढरी पँट, खिशाला पेन. मला फुटबॉल यांनीच शिकवला, नोकरीलाही यांनीच लावलं. वारून आठ महिने झाले. खांदा मी दिलाय, अजून दुखतो कधीकधी.

"सर, तुम्ही?"

"मग काय! कलम वाचलं आणि बरं वाटलं. म्हटलं, पोरगं विसरलेलं नाही आपल्याला."

मी उठायला बघतो. पलंग नाही. मी जिमखान्याच्या बाकावर बसलोय. समोर लांब टेबल, भज्यांच्या बशा, भज्यांवर तेल थिजलेलं. टेबलाभोवती जुन्या समितीतले सगळे आहेत. पाटणकर सर, डिसोजा सर, निंबाळकर सर. तिघेही गेलेले, मी तिघांच्याही दहाव्याला... नाही, डिसोजांच्या चर्चमध्ये गेलो होतो. कोणी माझ्याकडं बघत नाही. सगळे बशीकडं बघतायत.

"समितीला पाच लागतात," सर म्हणतात. "इकडं आम्ही चारच. ठराव अडून राहिलाय बघ."

पाचवी खुर्ची रिकामी आहे.

सर इतिवृत्ताची वही माझ्यापुढं सरकवतात. बावीस वर्षांपूर्वीचं पान. मला न वाचताच पाठ आहे. माळवाडीची पोरं त्या वर्षी एकही सामना हरली नव्हती, आणि आम्ही विजेता म्हणून आमचं कॉलेज ठरवलं. सूचक: सरनोबत. अनुमोदक: इंगवले. ठराव सर्वानुमते मंजूर. मी तेव्हा नवा होतो. सरांनी बघितलं आणि माझा हात वर गेला. गेला म्हणजे मीच केला, उगीच आता हाताला कशाला नावं ठेवू?

"मी सूचक," सर म्हणतात. "अनुमोदकाशिवाय ठराव होतोय व्हय? चल, ऊठ."

"कुठं सर?"

"हे काय, इथंच."

खोलीला पलीकडची भिंतच नाही. तिथनं मैदान सुरू होतंय. कडेची रेघ नुकतीच मारलेली, चुन्याची फक्की अजून ओली. मधोमध अकरा पोरं उभी आहेत. माळवाडीची, पिवळ्या जर्सीतली. बॉल मध्यावर ठेवलाय. कोणी हलत नाही. त्यांच्या बुटांतनं गवत वर आलंय, पार पिंढऱ्यांपर्यंत.

"ही अजून इथं का सर?"

"दुसरी टीम येतीय म्हणून सांगितलंय त्यांना," सर हसतात. "गुणी पोरं. थांबलीत."

आई गं! सर रेघेपलीकडं गेलेत आणि मला हात करतायत, आम्ही सरावाला जाताना करायचे तसाच. "ये की लेका. तुझ्यासाठीच खुर्ची धरून ठेवलीय. तूच लिहिलंयस, समिती ठरवील. आम्हीच की समिती!"

आई सांगायची, मेलेलं माणूस स्वप्नात आलं तर खुशाल बोल, पण मागनं जाऊ नको. मी खाली बघतो. उजवा पाय रेघेच्या पलीकडं पडलाय. माझा मला पत्ता नाही. डावा उचलतोय. आणि उजवा हात वर चाललाय, खांद्यापर्यंत आलाय, मी डाव्या हातानं तो खाली ओढतोय आणि तो ऐकत नाही.

"शाब्बास," सर म्हणतात.

एकच शब्द आहे, मला ठाऊक आहे. बावीस वर्षांपूर्वी म्हणायचा राहिलेला. तोंड उघडतो, आवाज नाही. पुन्हा उघडतो. सर जवळ येतायत, मायेनं, आणि त्या मायेचीच मला जास्त भीती वाटतीय.

"विरोध!" मी ओरडतो. "माझा विरोध आहे, सर!"

अकराच्या अकरा माना माझ्याकडं वळतात. सरांचं तोंड लहान मुलासारखं पडतं. "असं कुठं असतंय व्हय रे? मी सर्वानुमते लिहून बसलोय..."

"अहो! अहो, काय झालं?" शैला मला गदागदा हलवतीय. खिडकीत चारचं ऊन आहे. बनियन भिजून अंगाला चिकटलाय. "कसला विरोध? कुणाला ओरडत होता?"

"पेन दे."

"आधी पाणी प्या."

"पेन दे म्हणतो ना!"

कलम सात इतक्या जोरानं खोडतो की कागद फाटतो. खाली लिहितो: चौथा संघही गुणांवरच. माझी पोरं आता बाहेर. उद्या प्राचार्य मला सोलून काढतील, पोरं तोंड बघणार नाहीत. बघू नयेत. त्यांना मीच सांगेन.

शैला पलंगाच्या पायथ्याशी थांबलीय. "चादर आजच बदलली होती मी," ती म्हणते. "अनवाणी कुठं हिंडून आलात?"

मी पाय बघतो. डावा स्वच्छ आहे. उजव्या तळव्याला पांढरी फक्की लागलीय, ओली, घोट्यापर्यंत. दोनदा साबणानं धुतला. बोटांच्या बेचक्यात अजून आहे.