वही मिटलेली असताना

"थांब. पुढे एक शब्दही बोलू नकोस," डोना म्हणाली आणि तिने हात वर केला.

डोना माझी एडिटर. मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरीच्या शेजारच्या एका गावात तिचं साप्ताहिक निघतं. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. ऑफिस एका डेंटिस्टच्या वरच्या मजल्यावर, त्यामुळे दिवसभर खालून ड्रिलचा आवाज येतो. मी तेव्हा जर्नालिझममध्ये मास्टर्स करत होते आणि तिथे इंटर्न होते. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत व्हायचं, पण मला ते मराठीतच आठवतं, म्हणून तसंच लिहितेय.

"जे सांगायला आलीस ते तुला कुठे कळलं?" तिने विचारलं.

"घरी. काल जेवताना."

"बोलणाऱ्याला ठाऊक होतं, की आपण रिपोर्टरशी बोलतोय?"

"नाही. ते मला आमटी वाढत होते."

"मग ते तुझ्याकडे नाही," डोना म्हणाली आणि समोरच्या पानाचं प्रूफ वाचायला लागली.

आता जे माझ्याकडे नव्हतं ते काय होतं, ते सांगते.

मी राहत होते दिलीपकाकांच्या बेसमेंटमध्ये. काका माझ्या बाबांचे कॉलेजमधले मित्र, मूळचे अमरावतीचे. इथल्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीतून इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले. त्या वर्षी ते गावच्या स्कूल कमिटीच्या निवडणुकीला उभे होते. स्कूल कमिटी म्हणजे गावातल्या सरकारी शाळांचा कारभार बघणारी, लोकांनी निवडून दिलेली समिती. पगार शून्य, शिव्या भरपूर. पण आपल्यातला माणूस पहिल्यांदाच उभा राहिला म्हणून सगळी मराठी मंडळी हरखली होती. गॅरेजमध्ये काकांच्या नावाच्या पाट्यांचा ढीग होता, आणि शैलाकाकू येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात डब्याबरोबर एक पाटीही देत होत्या, अंगणात लावायला.

निवडणुकीत खरा प्रश्न एकच होता. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक जुनी प्राथमिक शाळा आहे. मुलं कमी झालेली, बॉयलर दर हिवाळ्यात बंद पडणारा. ती चालू ठेवायची की बंद करायची? लायब्ररीतल्या जाहीर सभेत त्या शाळेच्या पालकांसमोर काका म्हणाले, "ही शाळा बंद करायचा माझा अजिबात विचार नाही." टाळ्या पडल्या. आम्ही ते वाक्य पहिल्या पानावर छापलं.

आणि त्याच आठवड्यात, माझ्या भातावर आमटी वाढता वाढता काका म्हणाले, "निवडून येऊ दे, पहिलं काम म्हणजे ती शाळा बंद. तो बॉयलर मी स्वतः जाऊन बघितलाय. त्यात पैसे घालणं वेडेपणा आहे. पण हे आत्ता बोललो तर मत कोण देणार यार?"

काकू म्हणाल्या, "भात घालू का अजून?"

मी ताटावर हात आडवा धरला.

इंटर्नशिपच्या पहिल्याच दिवशी मी डोनाला सांगून टाकलं होतं, की मी एका उमेदवाराच्या घरी राहते. तेव्हापासून निवडणुकीच्या बातम्या माझ्यासाठी बंद. याला कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट म्हणतात. ज्याच्या मिठाला आपण जागणार, त्याची बातमी आपण करायची नाही, इतकं ते सोपं आहे. परीक्षेत मी यावर पानभर उत्तर लिहून चांगले मार्क मिळवले होते. पण बातमीच आपणहून ताटात येऊन बसली तर काय करायचं, ते कुठल्याच लेक्चरला आलं नव्हतं.

खरं सांगायचं तर माझ्या मनात दोन्ही बाजूंनी खोट होती. सांगावंसं वाटत होतं, कारण इंटर्नला असली बातमी मिळत नाही. सांगू नये असंही वाटत होतं, कारण विमानतळावर मला घ्यायला काका आले होते आणि माझ्या तापात काकूंनी मला पेज करून घातली होती. त्या पालकांचा विचार माझ्या मनात तिसरा आला.

म्हणून डोनाकडे गेले, आणि डोनाने हात वर केला.

"पण मतदारांना हे कळायला नको?" मी विचारलं.

"हवं ना. त्यासाठी आपण विचारतो." तिने कॉम्प्युटर पुढे ओढला. "उमेदवारांना आपण नेहमी प्रश्नांची मोठी यादी पाठवतो. या वेळी एकच पाठवू. ती जुनी प्राथमिक शाळा बंद करायला तुम्ही मत द्याल का? हो की नाही, आणि का. सगळ्यांना तोच प्रश्न."

"म्हणजे मी सांगितलं म्हणून..."

"तू काही सांगितलं नाहीस. गावात सगळे याच शाळेबद्दल बोलतायत, म्हणून. आणि उत्तरं आली की तू त्या फाइलला हात लावायचा नाहीस."

मोठी बातमी दारात उभी होती आणि या बाईने तिला आत घेतलंच नाही. उलट सरळ रस्त्याने जाऊन, वही उघडी ठेवून, सगळ्यांना एकसारखं विचारायचं ठरवलं. मला वाटलं होतं, चांगला पत्रकार म्हणजे गुपितं मिळवणारा. त्या दिवशी माझं ते सगळं शिक्षण धुऊन निघालं.

संध्याकाळी काका किचनमध्ये आयपॅड घेऊन बसले होते. प्रश्न पोचला होता.

"तू ऑफिसात काही बोललीस का?"

"नाही. पण बोलायला गेले होते, काका," मी म्हटलं. "डोनाने ऐकून घेतलं नाही. म्हणाली, तुम्ही घरी बोललात, रिपोर्टरशी नाही, म्हणून ते माझ्याकडे नाही."

काकांनी आयपॅड पालथा ठेवला. मला वाटलं, आता बॅग भरावी लागणार. बोलल्या त्या काकू, कोथिंबीर निवडता निवडता. "अहो, कंपनीत पंप गळत असला तर गळतोय म्हणून लिहून द्यायचात. मोठ्या साहेबाला राग आला तरी द्यायचात. मग आताच काय झालं?"

"शैला, ते वेगळं असतं."

"असेल," काकू म्हणाल्या.

काका आयपॅड घेऊन वर गेले. त्यांनी काय उत्तर पाठवलं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, आणि ऑफिसात ती फाइल माझ्यासाठी बंद होती. बाकी गावाला कळलं तेव्हाच मलाही कळलं. गुरुवारी सकाळी, ड्राइव्हवेवर पडलेला पेपर उघडून.

बाकीच्या उमेदवारांनी लांबलचक उत्तरं दिली होती. सर्व पर्यायांचा विचार, मुलांचं हित, पारदर्शकता. हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. काकांचं उत्तर सगळ्यांत छोटं होतं. "हो, मी बंद करायला मत देईन. बॉयलर मी पाहिला आहे, तो दुरुस्त होण्यासारखा नाही. लायब्ररीतल्या सभेत मी याच्या उलट बोललो होतो. तेव्हा मी खरं बोललो नाही."

मी ड्राइव्हवेवर उभी राहून ते पुन्हा पुन्हा वाचलं. प्रोफेसरांनी आम्हाला मोठमोठ्या पत्रकारांचं धैर्य शिकवलं होतं. धैर्याचं काम समोरच्यालाही करावं लागतं, आणि आपल्यापेक्षा जास्त करावं लागतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

काका पडले. चांगलेच पडले. एका गृहस्थांनी घरी येऊन काकूंना सुनावलं, "पेपरवाली मुलगी घरात ठेवली की दुसरं काय होणार?" काकू म्हणाल्या, "प्रश्न सगळ्यांना होता. चहा घेणार का?" गॅरेजमधल्या पाट्या जमिनीत रोवायच्या लोखंडी तारा काकांनी टोमॅटोच्या रोपांना आधार म्हणून लावल्या. माझं बेसमेंट माझंच राहिलं.

पुढे माझी डिग्री झाली, डोनाने मला नोकरीवर घेतलं आणि मी वेगळं अपार्टमेंट घेतलं. त्यानंतरच तिने मला स्कूल कमिटीच्या मीटिंगला पाठवलं. त्या मीटिंगमध्ये ती शाळा बंद झाली. "सर्व पर्यायांचा विचार" करणाऱ्यांनी एकमताने बंद केली. कारण दिलं बॉयलरचं.

पार्किंग लॉटमध्ये त्या शाळेतली एक आई मला भेटली. डोळे सुजलेले होते. म्हणाली, "ते म्हातारे इंजिनिअर बरे आहेत ना? मी त्यांच्या विरोधात मत दिलं होतं. आज पुन्हा दिलं असतं. पण कशाच्या विरोधात मत देतेय, हे मला फक्त त्यांच्याच बाबतीत ठाऊक होतं. सांग त्यांना."

रविवारी जेवायला गेले तेव्हा सांगितलं. काका ताटात बघत राहिले. काकूंनी पदर नाकाला लावला आणि फोडणीचा ठसका लागला म्हणाल्या. फोडणी कधीच झाली होती.

"छापलंस का हे?" काकांनी विचारलं.

"नाही. ती बोलली तेव्हा वही पर्समध्ये होती."

"मग ते तुझ्याकडे नाहीच," काका म्हणाले आणि माझ्या भातावर आमटी वाढली.