निळ्या गाडीचा मालक

बुकित बातोकच्या अकराव्या मजल्यावर राहणाऱ्या नागसेन खंदारेकडे गाडी नाही. सिंगापुरात यात लाजण्यासारखं काही नाही. इथे गाडी घ्यायची तर आधी ती बाळगण्याचा परवाना बोली लावून विकत घ्यावा लागतो, आणि कधीकधी तो परवानाच गाडीहून महाग पडतो. त्यामुळे भलेभले इंजिनिअर गळ्यात ऑफिसचं कार्ड अडकवून एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, उभे असतात. नागसेनही सोळा वर्षं उभा आहे.

त्याची अडचण वेगळीच. त्याचे वडील किसनराव वाशीम डेपोचे एसटी ड्रायव्हर. एकतीस वर्षांच्या नोकरीत एक अपघात नाही. सुरक्षित सेवेचा बिल्ला ते रिटायर झाल्यावरही सणासुदीला शर्टाला लावतात. अशा माणसाचा मुलगा म्हणून नागसेन मित्रांत सांगत असे, "ड्रायव्हिंग आपल्या रक्तातच आहे." रक्तात असेल, हातापायांत मात्र उतरलं नव्हतं. चौदा वर्षांपूर्वी तिसऱ्या प्रयत्नात त्यानं लायसन्स काढलं, आणि त्यानंतर स्टिअरिंग धरलं ते फक्त सुपरमार्केटच्या ट्रॉलीचं. हे वाक्य त्याच्या मुलीचं, गार्गीचं. "पपा ओन्ली ड्राइव्ह ट्रॉली, लाह," असं ती आल्यागेल्याला सिंगापुरी इंग्रजीत सांगते.

निशिकांत हा त्याचा बँकेतला मित्र. टॅम्पिनीसच्या एका खासगी काँडो सोसायटीत राहतो आणि गाडी बाळगतो. त्या गाडीत नागसेन नेहमी पुढे, निशिकांतच्या शेजारी बसणार आणि सूचना देणार. "सिग्नल दे. आता लेन बदल. जरा आधी ब्रेक लावायचा रे." निशिकांतची बायको उल्का त्याला 'कंडक्टर' म्हणते. नागसेनला ते चालतं. बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही, आणि तिचं म्हणणं खरंही होतं.

खोटं होतं ते वाशीमच्या बाजूला. आठ वर्षांपूर्वी वडिलांनी फोनवर विचारलं होतं, "गाडी घेतली काय रे?" नागसेननं बोली, परवाना, दहा वर्षांची मुदत, सगळं समजावलं. किसनरावांनी शांतपणे ऐकून विचारलं, "पन परवाना तर हाय ना तुह्याकडे?" त्यांच्या डोळ्यांपुढे लायसन्स होतं. नागसेननं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, मध्येच थकला आणि म्हणाला, "घेतली बाबा." मग फोटो मागवला गेला. निशिकांतच्या निळ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून नागसेन उभा राहिला आणि फोटो खुद्द निशिकांतनं काढला. वडिलांनी तो फ्रेम करून पुढच्या खोलीत, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या खाली लावला. गावी गेलं की नागसेन त्या भिंतीकडे पाठ करून जेवायला बसायचा.

गेल्या डिसेंबरात निशिकांत-उल्का आणि नागसेन-प्रियदर्शिनी असे चौघे आयर्लंडला गेले. कल्पना नागसेनच्या बायकोची, प्रियदर्शिनीची. ती संशोधक, डब्लिनला तिची परिषद होती, तर ती संपल्यावर तीन दिवस पश्चिमेकडचा ग्रामीण भाग बघून घेऊ म्हणाली. विमानतळावर भाड्याची गाडी घेताना काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, दुसरा ड्रायव्हर कोणी आहे का? उल्काचं लायसन्स फक्त ऑटोमॅटिकचं आणि मिळालेली लाल गाडी गिअरची. प्रियदर्शिनीनं लायसन्स काढलेलंच नाही. नागसेननं मात्र कोणी न विचारता आपलं लायसन्स काउंटरवर सरकवलं. प्रियदर्शिनीनं त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा एखादा शहाणा माणूस तिथेच थांबला असता.

पहिल्या दिवशी निशिकांतनं गाडी चालवली आणि नागसेननं कंडक्टरकी केली. दोन्ही बाजूंना नुसते दगडावर दगड रचलेल्या भिंती, पलीकडे ओल्या गवतात मेंढ्या, आणि मधून जेमतेम एक गाडी जाईल एवढा रस्ता. समोरून येणारा प्रत्येक ड्रायव्हर स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचा. सिंगापुरात सोळा वर्षं दंडाच्या पाट्या वाचून नागसेनची नजर तयार झालेली. "आपलं काहीतरी चुकतंय," तो म्हणाला. "मागचा लाइट गेला असेल. टायर बसलं असेल." त्यानं निशिकांतला भर थंडीत दोनदा खाली उतरवलं. लाइट ठीक होता, टायरही. तिसऱ्या बोटाला निशिकांतनं गाडी थांबवली नाही.

सवयी काही विमानतळावर जमा करता येत नाहीत. दुपारी एका पबमध्ये उल्कानं शेकोटीजवळच्या टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं, सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांपुढे, जागा धरायला ठेवतात तसं, आणि चौघे काउंटरवर गेले. परत आले तर टेबलावर दोन म्हातारे बसलेले. मालकिणीनं ते पाकीट उल्काच्या हातात ठेवलं आणि सर्दीवर गरम पाण्यातून काय घ्यायचं ते प्रेमानं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मुक्कामाच्या गावापासून तीस किलोमीटरवर एक पडका मठ आहे. तिथे ओल्या दगडावर उभा राहून निशिकांत सगळ्यांचा फोटो काढत होता. "जरा मागे जातो," म्हणाला आणि मागे गेला तो थेट चिखलात. डावा घोटा टम्म फुगला. क्लचचा पाय. दुपारचे पावणेतीन वाजले होते आणि साडेचारला तिथे अंधार पडतो. निशिकांतनं विव्हळत किल्ली नागसेनच्या हातात दिली. "बरं झालं बाबा, तू आहेस," तो म्हणाला.

तेव्हा खरं बोलता आलं असतं. नागसेन आजही कबूल करतो की त्या क्षणी तोंड उघडलं होतं. पण तोंडातून आलं ते, "बसा सगळे." आणि तो ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसला.

गाडी मागे घेऊन रस्त्यावर आणायची होती. पहिल्यांदा ती बंद पडली. दुसऱ्यांदा उडी मारून बंद पडली. तिसऱ्यांदा मागे आली, बरोबर रस्त्यात आडवी झाली आणि बंद पडली. तेवढ्यात एक ट्रॅक्टर आला. त्यावरच्या म्हाताऱ्यानं यांच्याकडे पाहिलं, ट्रॅक्टरचं इंजिन बंद केलं आणि सावकाश एक बोट वर केलं. नागसेनला घाम फुटला.

"नागसेन," मागून उल्का हळूच म्हणाली, "तुला येतं ना रे?"

आणि प्रियदर्शिनीचा फोन वाजला. दर रविवारी रात्रीची जेवणं झाली की वाशीमच्या साडेआठला किसनराव सुनेला फोन करतात; त्यांच्या टाइमटेबलात कधी बदल होत नाही. तिनं घाईत उचलला आणि गोंधळात स्पीकर सुरू झाला. त्याच वेळी नागसेननं चौथ्यांदा किल्ली फिरवली. गाडी गुरगुरली, थरथरली, बंद पडली.

"गाडी कोन चालवून रायलं?" वाशीमहून आवाज आला.

"मी, बाबा."

"तू? आठ वर्सं गाडी चालवनारा मानूस असा क्लच सोडत नाही. निळी गाडी हाय ना तुही?"

गाडीत चौघे होते आणि चौघांनाही उत्तर ठाऊक होतं. तो फोटो काढणारा निशिकांत आपल्या घोट्याकडे बघत बसला. बाहेर ट्रॅक्टरवाल्यानं हाताची घडी घातली.

"ती निशिकांतची आहे, बाबा. माझ्याकडे गाडी नाही. कधीच नव्हती. आणि मला चालवता येत नाही."

नागसेनला वाटलं, आता बाबा फोन ठेवणार. ठेवला तर बरं, असंही वाटलं.

"गाडीत मानसं किती हायेत?" किसनरावांनी विचारलं.

"चार."

"मंग आधी मानसं घरी पोचव. खोट्याचं मंग पाहू. समोर काय हाय?"

"ट्रॅक्टर. आणि त्यावरचा माणूस बोट दाखवतोय."

"बोट दाखवून नाही रायला, नमस्कार करून रायला. समोरून एसटी आली की आमी हात करत नव्हतो काय? तूही कर. आता गाडी न्यूट्रलले घे. घेतली? क्लच पुरा दाब. पैला टाक. आता पाय हळू, हळू उचल. गाडी थरथरली की तिथंच धर, मंग रेस दे. हां. आता सोड."

गाडी निघाली. मागच्या सीटवर उल्कानं टाळी वाजवली आणि लगेच दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली.

सिंगापुरातल्या बैठकींत नागसेन ही गोष्ट इथपर्यंत सांगतो. ट्रॅक्टरवाल्याची घडी, उल्काची टाळी, आपला घाम, सगळं नकलेसकट. लोक पोट धरून हसतात, आणि कोणीतरी चहा विचारतं. पुढचं तो सांगत नाही.

पुढे दहा-बारा किलोमीटर फोनमधून वाशीम बोलत होतं. "दुसरा टाक. वळनाच्या आधी गिअर कमी कर, वळनात नाही." मग डोंगर आला आणि आवाज गेला. "बाबा? बाबा?" नागसेननं दोनदा विचारलं. प्रियदर्शिनी म्हणाली, "रेंज नाहीये. तू पुढे बघ." तो पुढे बघू लागला. वळणाच्या आधी गिअर कमी केला. एक व्हॅन आली; त्यानं भिंतीला लागून तिला जागा दिली. तिच्या ड्रायव्हरनं बोट उचललं आणि नागसेनचंही बोट आपोआप उचललं गेलं. त्याला एवढा आनंद झाला की पुढचा खड्डा दिसलाच नाही. निशिकांत कळवळून ओरडला, पण सूचना मात्र त्यानं एकही दिली नाही.

मुक्कामी पोचले तेव्हा अंधार पडत होता. दोघी निशिकांतला धरून आत घेऊन गेल्या. रेंज आली होती, आणि नागसेननं फोन लावण्याआधीच त्याच्या खिशातला वाजला.

"पोचले काय सगळे?"

"पोचले, बाबा."

"गाडीभवती चक्कर मार. टायर पाह्य, लाइट पाह्य. मंग किल्ली दे." गाडी डेपोत लावली की किसनराव हेच करत, लहानपणी नागसेन त्यांच्या मागून त्या चकरा मारायचा. त्यानं भिजत चक्कर मारली. लाल गाडी खिडक्यांपर्यंत चिखलानं माखली होती.

"सगळं ठीक आहे," तो म्हणाला. मग म्हणाला, "बाबा, चुकलो."

"चुकलाच. आठ वर्सं येईल त्याले मी तो फोटो दाखवला. वाईट वाटलं मले." आता ओरडतील म्हणून नागसेन वाट पाहत राहिला. ते ओरडले नाहीत. "तुले काय वाटलं, गाडी नाही म्हनून मले कमीपना येईल? मी एकतीस वर्सं एसटी चालवली. एक दिवस तरी ते गाडी माही होती काय रे?"

फोन कानाला तसाच धरून नागसेन गाडीभोवती आणखी एक चक्कर मारून आला.