पिशवी परत आली

मी मशीनवर बसले की मागून जाणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, शिवणकाम आपोआप होतं. आई म्हणते, "तुला काय, बसल्या बसल्या होतं." आत्या म्हणते, "दहा मिनिटांचं तर काम." केसांचे रबर, चष्म्याचं घर, मोबाइलची खोळ, पोळ्यांच्या डब्यात घालायचा रुमाल, असलं काहीतरी मी कॉलेज संपल्यापासून सगळ्यांना देत आले आहे. कापडाला पैसे पडत नाहीत. आमच्या गल्लीतल्या ब्लाउज शिवणाऱ्या काकू चिंध्यांचं गाठोडं दाराशी ठेवतात आणि मला त्यातलं हवं ते घेऊ देतात. चेन आणि इलॅस्टिक तेवढं रामआळीतल्या दुकानांतून आणते.

स्वस्त पडतं हे खरं, पण मी शिवते त्याचं खरं कारण वेगळं आहे. मला बोलता येत नाही. म्हणजे येतं, पण चार माणसं बघत असली की शब्द घशातच राहतात. "इंग्लिश मीडियमची ना, मराठीत बोलायला कष्ट पडतात तिला," असं आत्या सगळ्यांसमोर म्हणते. इंग्रजीतही मी बोलत नव्हते, हे तिला माहीत नाही. वस्तू हातात दिली की आपलं बोलून झालं, असं मी धरून चालले होते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आईनं माझ्याकडून बटवे शिवून घेतले. वाण म्हणून आल्यागेल्या बायकांना ते वाटताना ती प्रत्येकीला सांगत होती, "मुलीनं घरी शिवलेत हो." तीच आई एप्रिलमध्ये म्हणाली, "केळवणाला शिवलेलं काय द्यायचं? लोक म्हणतील, पैसे वाचवले."

केळवण माझ्या मैत्रिणीचं होतं. पहिलीपासून आम्ही एका बाकावर बसलो. मे महिन्यात तिचं लग्न, सासर देवरूखला. तिला गाडी लागते. एसटीत बसली की हातखंब्याचा फाटा यायच्या आत तोंड पांढरंफटक पडतं. शाळेच्या सहलींत मी तिच्या शेजारी लिंबू धरून बसायचे आणि ती माझ्या हातातलं लिंबू हुंगायची. आता माहेरी यायचं म्हणजे तोच रस्ता, आणि शेजारी मी नाही.

म्हणून मी तिच्यासाठी पिशवी शिवली. बाहेरून आमच्या जुन्या पडद्याचं निळं जाड कापड. आतून माझ्या शाळेच्या चौकड्यांच्या स्कर्टचं अस्तर. आत टिचबटणाचा कप्पा, त्यात एका बाजूला लिंबू मावेल, दुसऱ्या बाजूला रुमाल. पट्टा इतका लांब, की गळ्यात अडकवून पिशवी मांडीवर ठेवता येईल आणि दोन्ही हात मोकळे राहतील. पट्टा दोनदा उसवून पुन्हा शिवला. कप्प्यात आवळासुपारीची पुडी ठेवली आणि बटण लावलं.

केळवणाला ती आणि तिची आई जेवायला आल्या. जेवणं होत आली तेव्हा आईनं ओटीचा नारळ, तांदूळ, ब्लाउजपीस आणि पैशांचं पाकीट बाहेर आणलं, इकडेतिकडे बघितलं आणि कोपऱ्यातल्या मेजावरची माझी पिशवी उचलून सगळं तिच्यात भरलं. "न्यायला बरं पडेल," ती म्हणाली.

मी श्रीखंडाचं भांडं घेऊन उभी होते. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "अजून वाढू?"

आठवडाभरानं मैत्रिणीची आई दारात हजर. हातात माझी पिशवी, नीट घडी घातलेली. "तुमची पिशवी आमच्याकडेच राहिली हो. रिकामी कशी द्यायची, म्हणून चार कैऱ्या आणल्यात." कैऱ्या दुसऱ्या हातातल्या पिशवीत होत्या, निळ्या कापडाला चिकाचे डाग पडू नयेत म्हणून. बाईंचं काही चुकलं नव्हतं. कोणाचा डबा किंवा पिशवी आली तर ती परत करायची, आणि रिकामी करायची नाही, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं असतं. चांगल्या वळणाच्या माणसांनी माझी भेट मला अगदी रीतसर परत केली होती.

त्या गेल्यावर मी कप्पा बघितला. बटण लावलेलंच होतं. पुडी जागेवर.

आईला पिशवी फारच पसंत पडली. "पट्टा किती सोयीचा गो," म्हणत ती तीत कोथिंबीर आणि लाल माठ घेऊन आली. मी माती झटकली, पिशवी धुऊन वाळत घातली. दोन दिवसांनी बघते तर ती पुन्हा खुंटीवरून पिशवी काढत होती.

"बांगडे चांगले आलेत म्हणे."

"मासळीला नको."

"मग काय शोकेसमध्ये ठेवू?"

"आई, ती तिची आहे. मी भेट म्हणून शिवली होती."

"भेट आपण दिली ना, पाकीट. आणि तिच्या आईनं परत केली ती तिची कशी?"

मी पिशवी तिच्या हातातून जवळजवळ ओढून घेतली. तिनं भुवया वर केल्या आणि नायलॉनची पिशवी घेऊन गेली. मला तिचा राग आला होता, पण त्याहून जास्त स्वतःचा. एक वाक्य बोलायला लागू नये म्हणून मी एवढ्या टिपा घालत होते, आणि शेवटी ते वाक्य बोलावं लागणारच होतं.

मेंदीच्या दिवशी मी पिशवी घेऊन तिच्या घरी गेले. ओटीवर बायकाच बायका. मैत्रीण मध्ये बसलेली, दोन्ही हात कोपरापर्यंत ओल्या मेंदीचे. तिच्या आईनं आधी पिशवी बघितली.

"अगो, पुन्हा आणलीस? मी परत केली ना? कैऱ्या आंबट निघाल्या की काय?"

सगळ्या हसल्या. माझे कान तापले.

"काकू, पिशवी तिच्यासाठी आहे."

"काय आहे आत?"

"काही नाही. पिशवीच आहे. तेव्हाही पिशवीच होती."

मग तिची आई म्हणाली, "अगो बाय, आधी सांगायचं नाही का? मी आपली नारळाची पिशवी समजले!" 'आधी सांगायचं नाही का,' हे शाळेपासून सगळे मला विचारत आले आहेत.

"उघड बघू," मैत्रीण म्हणाली. मी तिच्यासमोर बसून बटण उघडलं. तिनं अस्तराच्या चौकड्या बघितल्या, पुडी बघितली. हसली नाही. म्हणाली, "गळ्यात अडकव." मी म्हटलं, मेंदी लागेल. "तू अडकव." मग ती तशीच बसली, दोन्ही हात लांब धरून, मांडीवर निळी पिशवी.

तिच्या एका मावशीनं पट्टा ओढून बघितला. "छान आहे गो. मला शिवशील चार? आमच्या भिशीतल्या बायकांना देते. तुला काय, तासाभराचं काम."

"नाही जमणार," मी म्हणाले. आवाज इतका बारीक, की मावशीनं कान पुढे केला.

"नाही जमणार म्हणाली ती," मैत्रिणीनं मोठ्यानं सांगितलं. "आणि तासाभराचं नाही ते."

घरी आले तेव्हा आई स्वयंपाकघरात होती.

"दिलीस पिशवी? आत काय घातलंस?"

"काही नाही."

"रिकामी? लग्नघरी? बघ हां, पुन्हा परत येईल."

"नाही येणार," मी म्हणाले, पण तिला ऐकू गेलं नाही. ती दुधाच्या पिशवीचा कोपरा कापायला निघाली होती, आणि तिच्या हातात माझी कापड कापायची कात्री होती; प्लॅस्टिकवर चालवली की तिची धार जाते.

"आई, ती कात्री खाली ठेव," मी म्हणाले. ते मात्र शेजारच्या काकूंनाही ऐकू गेलं.