पंखे नवे आहेत

भोंगेमामांना खोटं बोलता येत नसे, आणि धंदा होता सिनेमाची जाहिरात करण्याचा! शाकाहारी माणसानं खाटकाचं दुकान काढावं तसला प्रकार. वर्ध्यात आमच्या कापडदुकानासमोर एक टॉकीज होती. तिथे लागेल तो सिनेमा मामा सायकलरिक्षाला भोंगा बांधून गावभर सांगत. सकाळी बोरगाव मेघे, आणि आंजीच्या बाजाराच्या दिवशी भोंगा बसच्या टपावर टाकून थेट आंजी.

प्रत्येक सिनेमा ते आधी स्वतः पाहत. पाहून झाला की नळावर चूळ भरत आणि मग भोंगा हाती घेत. सिनेमा झकास असला तर ओरडत, "बसाले जागा नाई! लवकर येजा!" मध्यम असला तर, "गाणे आठ हायेत, आठ!" आणि अगदीच भिकार असला तर आवाज खाली आणून सांगत, "हॉल थंडा हाये. पंखे नवे हायेत." एवढं ऐकलं की बायाबापड्या निश्चिंतपणे घरी पापड लाटायला बसत. अख्ख्या पंचक्रोशीला ही भाषा ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती फक्त टॉकीजच्या शेटजींना. मामा पंख्यांची एवढी तारीफ करतात म्हणून ते बिचारे दर दिवाळीला पंखे पुसून घेत!

नव्वदीच्या शेवटी एका साळिंदराच्या पिल्लाचं परदेशी कार्टून हिंदीत बोलत आमच्याकडे आलं. मामांनी पाहिलं आणि तडक रस्त्यावर आले. "जागा नाई!" पोट्टे वेडे झाले. खराट्याच्या काड्या केसांत खोचून टॉकीजला येऊ लागले. गावातल्या बायकांना महिनाभर धड खराटा मिळेना. पुढे दुसरा भाग आला, तोही बरा चालला. मामांनी स्वतःच्या टकलावर काडी चिकटवून भोंगा फिरवला.

तिसरा भाग येईपर्यंत घरोघरी सीडी आल्या होत्या. टॉकीजमध्ये माणसांपेक्षा कबुतरं जास्त. शेटजी म्हणाले, "मामा, हे साळिंदर दोन हप्ते चाललं तर टॉकीज राहीन. नाई तर मी मंगल कार्यालय काढतो." त्याच सकाळी पेपरात त्या सिनेमाचे वाभाडे निघाले होते. गोष्ट शिळी, विनोद थकलेले, मुलंही जांभया देतील, असं लिहिलं होतं. मी दुकानात मोठ्यानं वाचून दाखवलं. मामा उसळले, "पेपरवाल्यायचे लेकरं मोठे झाले असतीन! त्यायले काय समजते?"

मग ते आत जाऊन सिनेमा पाहून आले. नळावर चूळ भरायला वाकले आणि कितीतरी वेळ तसेच वाकून राहिले.

"कसं हाये, मामा?" मी विचारलं.

"पिल्लू आता मोठं झालं, बापू," ते म्हणाले. "सगळ्यायले उपदेश करून राह्यलं."

दुसऱ्या दिवशी आंजीचा बाजार होता. मामा तिथे गेले आणि भोंग्यात ओरडले, "बसाले जागा नाई!"

रविवारी टॉकीज तुडुंब भरली. मामांचा शब्द होता ना! आंजीहून वच्छलाबाई आल्या. वांगी-टमाटे विकणारी बाई, पण रविवारचा माल घरीच ठेवून चार नातवंडांना घेऊन आली. नातवंडांच्या केसांत काड्या. मध्यंतरानंतर पोरं खुर्च्यांमधून पकडापकडी खेळू लागली, काही झोपली. खेळ सुटला तेव्हा एकाच्याही डोक्यात काडी नव्हती. साऱ्या हॉलभर खाली पडल्या होत्या.

मामा दाराशी उभे होते. वच्छलाबाई थांबल्या. बाई भांडतील म्हणून मी दुकानातून उठून जवळ गेलो. पण त्या हळूच म्हणाल्या, "मामा, काऊन असं केलं?"

"टॉकीज बंद होऊन राह्यली, बाई."

"मंग तसं सांगाचं ना! पंखे नवे हायेत म्हटलं असतं तरी आलो असतो. तुमच्यासाठी आलो असतो."

सगळे गेल्यावर मामांनी झाडू घेतला आणि त्या काड्या एकट्यानं गोळा केल्या.

सोमवारी सकाळी बोरगावच्या रस्त्यावर भोंगा वाजला. "हॉल थंडा हाये. पंखे नवे हायेत." संध्याकाळच्या खेळाला कुणी आलं नाही. शुक्रवारी टॉकीजला कुलूप लागलं. मामांनी भोंगा रिक्षावरून सोडला, माझ्या दुकानाच्या माळ्यावर ठेवला आणि त्यानंतर कधी मागितला नाही.

टॉकीजचं मंगल कार्यालय झालं. माझ्या पुतणीच्या लग्नात मामांना मी आग्रहानं नेलं. जिथे पडदा होता तिथे नवरा-नवरी बसली होती. मामा पंक्तीत न बसता वर बघत राहिले. पंखे तेच होते.

दोनेक वर्षांनी ते अंथरुणाला खिळले. जो तो येऊन सांगे, मामा, महिनाभरात हिंडायला लागाल. मीही गेलो, नेहमीचं नाटक घेऊन. हात पसरून म्हणालो, "वा मामा! चेहऱ्यावर काय तेज आलंय!"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"बापू," ते म्हणाले, "हॉल थंडा हाये."

मी हसलो. मोठ्यानं हसलो, कारण दुसरं काही करता येईना. बाहेर आलो तर ओट्यावर वच्छलाबाई बसलेल्या, मांडीवर वांग्यांची पिशवी. "कसे हायेत मामा?" त्यांनी विचारलं. बरे आहेत, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण या बाईशी या माणसाच्या दारात खोटं बोलणं काही जमेना.

"पंखे नवे हायेत," मी म्हणालो.

वच्छलाबाईंनी पदर तोंडाला लावला.