लाइन गेली की डाव रद्द

माझ्या नव्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही, या घोर अन्यायाचा मी जाहीर निषेध करतो.

चार्जरला भोक आहे, हेडफोनला आहे. आणखी एक आहे, ते कशाचं हे दुकानदारालाही सांगता आलं नाही.
सीडीला मात्र नाही.

सीडी अकोल्याची. फूटपाथवर घेतलेली. वर स्केचपेनने लिहिलंय, '१०० गेम'. त्यातला एकच आम्ही खेळलो.

आम्ही म्हणजे मी आणि नईम.

नईम शुक्रवारी गेला.

त्याचे अब्बा जिनिंगमध्ये फिटर होते. कापसाचे दिवस फिरले, जिनिंग बंद पडली, आणि थकलेल्या पगाराच्या बदल्यात मालकाने त्यांना ऑफिसातला कॉम्प्युटर दिला. तो ऑटोतून आणून कॉटवर ठेवत अब्बा म्हणाले, "पगार मांगे तो टीव्ही पकडा दिया. उसमें बी केबल नहीं."

कॅबिनेट उघडली की आतून रुई निघायची. पंख्यात सरकी अडकलेली असायची.

त्यावर आम्ही ट्रकची शर्यत खेळायचो. एकाच कीबोर्डवर दोघं, एकाच स्टुलावर अर्धे अर्धे. डावीकडची अक्षरं माझी, उजवीकडचे बाण त्याचे. माझा ट्रक पिवळा, त्याचा लाल.

नियम एकच, अर्थातच मी केलेला. लाइन गेली की डाव रद्द.

त्या वर्षांत वऱ्हाडात दोन गोष्टी नेमाने यायच्या, भारनियमन आणि मंत्र्यांचे दौरे. मंत्री कशाला यायचे ते इथल्या माणसाला सांगायला नको. दौऱ्याच्या दिवशी लाइन जायची नाही, म्हणून आम्ही पेपरात दौरा बघून गेम लावायचो.

एका दौऱ्याला मात्र गेली.

नईमचा ट्रक शेवटच्या वळणावर. माझा मागे गिट्टीत फसलेला. आणि स्क्रीन काळी.

"डाव रद्द," मी म्हणालो.

"रद्द काहून बे? माही गाडी दिसून राहिली होती ना तुले!"

"आता दिसते का?"

"बाकी राहिला तुह्यावर. ध्यानात ठेव. एक डाव बाकी राहिला."

लाइन आली ती नको तेवढ्या जोरात आली. कॉम्प्युटर त्यानंतर चालू झालाच नाही.

पण वसुली चालूच राहिली. माझ्या लग्नात स्टेजवर हातात पाकीट देताना कानात म्हणाला, "हा आहेर हाय. डाव अलग."

पुढे त्याने ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकलं. पीकविमा, कर्जमाफी, सगळं. दिवसभर रांगेला एकच वाक्य ऐकवायचा, "सर्व्हर डाऊन हाय काका, उद्या या."

काही काका उद्या आलेच नाहीत.
नईम प्रत्येक गोष्ट हसत सांगायचा. ही नाही.

मग त्याच्या किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं. मी अमरावतीहून जाऊन शेजारी बसायचो. एकदा म्हणाला,

"तो ट्रकवाला गेम आण ना बे. माह्या एका हातात सुई असते. पण बाणाले एकच हात लागते."

मी बाहेरून लावायचा सीडी ड्राइव्ह घेतला. लॅपटॉप म्हणाला, हा प्रोग्राम या कॉम्प्युटरवर चालणार नाही. विषय संपला.

"सरकारची नवी साइट नव्या कॉम्प्युटरवर चालत नाही," नईम म्हणाला, "अन् आपण जुन्या गेमले शिव्या देऊन राहिलो."

मग जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणारं एक सॉफ्टवेअर मिळालं. त्यात गेम उघडला. नईमने बाणांवर बोटं ठेवली. पण नवं मशीन इतकं जलद, की हिरवा दिवा लागतो न लागतो तोच दोन्ही ट्रक भिंतीवर. पुन्हा लावला. पुन्हा भिंत.

नईम असा हसला की सिस्टर धावत आली. "नईमभाई, हात हलवू नका!"

"मी नाही हलवला सिस्टर. ट्रक हलला."

ती गेल्यावर त्याने लॅपटॉप माझ्याकडे ढकलला.
"आपल्या वेळची स्पीड पायजे. याले हळू कर."
आणि थोड्या वेळाने, छताकडे बघत,
"पण लवकर कर."

वेग कमी करायला त्या सॉफ्टवेअरमध्ये एक आकडा असतो. तो जरा खाली नेला की ट्रकची बैलगाडी होते, वर नेला की रॉकेट. आपल्या वेळचा वेग कुठेही लिहिलेला नाही. तो फक्त दोन माणसांच्या बोटांत होता. मी रोज संध्याकाळी आकडा बदलून वळण घेऊन बघायचो.

गुरुवारी जमलं. वळण आलं आणि बोटं आपोआप वळली.

बॅग भरून दाराशी ठेवली. सकाळची बस पकडायची होती.

बसच्या आधी भाभींचा फोन आला.
"भाईजान, आज दवाखाने मत आना. घर आ जाओ."

गेलो. माती दिली. बॅग पाठीवरच आहे, हे कब्रस्तानातून बाहेर पडताना लक्षात आलं.

आज तो गेम लावला.

माझा पिवळा ट्रक सुरुवातीच्या रेषेवर उभा ठेवला. हात बाणांवर ठेवला.

नईम, तुझा ट्रक मला चालवता येत नाही रे. प्रत्येक वळणाला भिंत. समोर कोणी नाही, तरी मी हरत होतो. कितीदा पहिल्यापासून सुरू केलं.

एकदाचं शेवटचं वळण आलं. सवयीने वर पंख्याकडे बघितलं.
फिरत होता.

लाल ट्रक रेषेपलीकडे गेला. स्क्रीनवर तुझं नाव नाही आलं, नुसतं आलं, दोन नंबरचा खेळाडू विजयी.

डाव फिटला, नईम.

सावकाश जा गड्या.