मशिदीतली तिरकी रेघ

ही गोष्ट मी आजवर टाळली. सांगायला बसलो की उन्हाचं, वादळाचं सांगायचो आणि इमामसाहेबांपाशी येऊन थांबायचो. आता वय झालं. अर्धवट सांगून जायचं नाही.

माजलगावकडच्या एका सहकारी साखर कारखान्यात मी जमीनमोजणीचं काम करायचो. अल्लाहने सृष्टी मापात घडवली, तर माप चुकणं ही बेअदबीच, असं मला वाटे. दुष्काळात काम थंडावलं, तेव्हा मी पृथ्वीच्या गोलाईचा हिशोब मांडला. आमच्या मशिदीचा किबला, म्हणजे नमाजात काब्याकडे तोंड करायची दिशा, सरळ मावळतीला होता. हिशोबाने काबा जरा उजवीकडे येत होता. मी फरशीवर खडूने तिरकी रेघ मारली. ती मशीद इमामसाहेबांच्या वडिलांनी उभारलेली. ते एवढंच म्हणाले, "बेटा, लांबून उभं राहणाऱ्याला दिशा पुरे हाय. पुढचं अल्लाहवर सोड."

"मग आजवर नमाज अंदाजानंच पढवली म्हणा की!" मी सगळ्यांदेखत बोललो. लोक हसले. निम्मे रेघेवर उभे राहू लागले, निम्मे सरळ. पावसाची दुआसुद्धा दोन ठिकाणी झाली. इमामसाहेब मुलीकडे बीडला निघून गेले.

त्याच उन्हाळ्यात गेवराईहून येताना माझी मोटारसायकल बंद पडली. धुळीचं वादळ उठलं, सूर्य दिसेना. पाणी संपलेलं, होकायंत्र घरी. जीव जातो असं वाटलं. दिशा कळत नसेल तर मन ग्वाही देईल तिकडे तोंड करून केलेली नमाज कबूल होते, हे लहानपणी इमामसाहेबांनीच शिकवलं होतं. पाण्याऐवजी मातीनेच हात-तोंड शुद्ध करून वजू केला आणि कपाळ टेकून सजद्यात गेलो. पहिल्यांदाच मी काही मोजलं नाही.

मान वर केली तर पाण्याचा टँकर उभा. ड्रायव्हरने तांब्या पुढे केला. "चाचा, आमच्या गावचे मावळतीकडं बघत्यात, तुमी उगवतीकडं कावून?"

धूळ बसली होती आणि मावळतीला कललेला सूर्य माझ्या पाठीशी होता. मी पाणी पीत रडलो. गणित खोटं नव्हतं, आजही नाही. ते मला उंबऱ्यापर्यंत आणत होतं. दार अडवून मीच उभा होतो. त्या तांब्यासाठी मी रोज अल्लाहचे आभार मानतो.

नंतर बीडला गेलो. अंथरुणावरून इमामसाहेबांनी विचारलं, "पाऊस झाला का रे तिकडं?"

"न्हाई," म्हणालो. चहा घेतला आणि उठलो. पुढच्या खेपेला बोलू, असं ठरवलं.

पुढची खेप त्यांच्या दफनाची. कबरीत उतरवल्यावर जावई मला म्हणाला, "तुमी मोजणीवाले. तोंड नीट किबल्याकडं हाय का, बघा."

होकायंत्र खिशात होतं. मी काढलं नाही. "बरोबर हाय," म्हणालो. मग माफी मागायला कबरीवर वाकलो, तोवर लोकांनी माती लोटायला घेतली होती.