थोरलीचं खलास, धाकटीचं इंशाल्ला

माझ्या बारावीतल्या मुलीला निबंध लिहायचा होता: इंग्लंडच्या ट्यूडर घराण्यात एकीमागून एक गादीवर आलेल्या दोन बहिणींच्या धोरणांची तुलना. शाळा ब्रिटिश पद्धतीची, त्यामुळे पुण्याच्या पेशव्यांपेक्षा तिला या राण्या जवळच्या. मी एसीच्या डक्टची ड्रॉइंग करणारा इंजिनिअर, पण वाचनाची खोड जुनी. शिवाय त्या दिवसांत मला एका जागी बसवत नव्हतं. बहारीनमध्ये, गुदैबियातल्या आमच्या हॉलमध्ये खिडकी ते फ्रिज फेऱ्या मारत मी शिकवणी सुरू केली.

"थोरली म्हणजे खलास. देश पुन्हा पोपच्या ताब्यात दिला, ऐकलं नाही त्यांना जाळलं. लोक नको म्हणत असताना परदेशी राजपुत्राशी लग्न केलं. जे काही ते आजच्या आज."

"अँड द यंगर वन?"

"इंशाल्ला. देवाच्या मनात असेल तेव्हा. चर्चला या, मनात काय आहे ते विचारत नाही. लग्न? इंशाल्ला. वारस? इंशाल्ला. चाळीसेक वर्षं अशी काढली. तिनंही माणसं मारली, तेही लिही."

"कॅन आय राइट इंशाल्ला?"

"तुझ्या मॅडमना कळेल. तिकडे इंग्लंडातल्या परीक्षकाला नाही."

पुस्तकात धाकटीचं चित्र होतं. झग्यावर इतके मोती, की बाईला खाली बसता येत असेल का, याचीच शंका.

माझ्या फेऱ्यांचं कारण ऑफिसात होतं. जुना साहेब थोरलीच्या जातीचा. सकाळी बोलावलं की दुपारपर्यंत कळायचं, राहिलो की गेलो. आम्ही त्याला मनसोक्त शिव्या दिल्या. नवा आला तेव्हा केक कापला गेला, लॉबीत त्याचा पुरुषभर उंचीचा फोटो लागला, खाली 'आपण एक कुटुंब'. हा कुणाला काढत नव्हता. कुणाचा व्हिसा रिन्यूही करत नव्हता. माझा संपायला महिनाच उरला होता, आणि मुलीची बोर्डाची परीक्षा त्यानंतर.

व्हिसाचं काम रत्नागिरीकडच्या एका सहकाऱ्याकडे. त्याला मी रोज गाठायचो.

"फाईल साहेबाच्या टेबलावर हाय, भाऊ. इंशाल्ला होईल."

"अरे, हो की नाही?"

"इंशाल्ला बोललो ना! आता सही पण मीच मारू?"

मला जुन्या साहेबाची चक्क आठवण येऊ लागली. थोरलीनं जाळलेल्यांना निदान तारीख तरी कळत असेल, असं काहीतरी भयंकरही मनात येऊन गेलं.

दोन दिवसांनी मुलीनं निबंधाचा शेवट वाचून दाखवला. धाकटीची टाळाटाळ हे शहाणपणाचं धोरण होतं, म्हणे.

"कुणासाठी शहाणपणाचं?" मी म्हणालो. "ताटकळणाऱ्यांना विचारलंस?"

"व्हाय आर यू सो अँग्री, बाबा? अँड साइन माय एक्झाम फॉर्म. स्कूल ओपन्स ऑन संडे, इट्स ड्यू देन."

"बघू."

"बघू मीन्स व्हॉट?"

मी खुर्चीत बसलो. "व्हिसा अडकलाय. झाला नाही तर परीक्षेआधी परत जावं लागेल."

"सिन्स व्हेन?"

"तीन आठवडे."

"डझ आई नो?"

"नाही."

तिनं लॅपटॉप मिटला. एरवी ती माझ्याशी सबंध वाक्य मराठीत बोलत नाही. "मग आधी तिला सांग," ती म्हणाली. "आत्ता."

स्वयंपाकघरात बायकोचा मिक्सर चालू होता. तो थांबेपर्यंत थांबावं असं वाटलं. मग आत जाऊन मीच बटण बंद केलं.